धावपट्टी इथे, निर्णय तिथे

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळी तोंडावर असताना, होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून सोलापूर-मुंबई विमानसेवा सुरू झाली. बंगळूरची सेवाही त्याच दिवसापासून. त्याआधी ९ जूनला सोलापूर गोव्याच्या मोपा विमानतळाशी जोडले गेले होते. गोव्याचे विमान फ्लाय९१ या गोव्यातल्याच नव्या कंपनीचे, मुंबई आणि बंगळूरचे स्टार एअरचे. वर्षानुवर्षे सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या रात्रीच्या प्रवासावर आणि २०२३ पासून वंदे भारतवर विसंबलेल्या या शहराला आकाशाची वाट खुली झाली, याचा आनंद रास्त होता. चादरी-टॉवेलचा व्यापारी, मुंबईच्या रुग्णालयात तपासणीला जाणारा रुग्ण, बंगळुरात नोकरी करणारी मुले, पंढरपूर-अक्कलकोट-तुळजापूरला येणारे भाविक, या सगळ्यांची ती गरज आहे.

या वाटेसाठी शहराने किंमतही मोजली आहे. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी विमानांच्या मार्गात येते, हा वाद कित्येक वर्षे चालला. ऊस उत्पादक सभासद आणि कारखान्याचे कामगार एका बाजूला, विमानसेवा मागणारे शहर दुसऱ्या बाजूला. मोर्चे झाले, उपोषणे झाली, न्यायालयाच्या पायऱ्या चढून झाल्या. अखेर १५ जून २०२३ रोजी पोलीस बंदोबस्तात चिमणी पाडली गेली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ पद्धतीने विमानतळाचे उद्घाटन झाले. पहिले नियमित विमान उतरायला त्यानंतरही आठ महिने लागले.

ज्या गावाने विमानासाठी एवढे मोजले, त्याला ते विमान टिकणार का, हे विचारण्याचा हक्क आहे. आणि विचारायला कारणही आहे. सोलापुरात विमान पहिल्यांदा आले ते २०२५ मध्ये नव्हे. किंगफिशर कंपनीची छोटी एटीआर विमाने मुंबई-सोलापूर काही काळ उडाली होती. मग ती थांबली. का थांबली, हे सोलापूरकरांना कोणी सांगायला आले नाही. त्या थांबण्याचे मूळ सोलापुरात नव्हतेच. ते मुंबई-बंगळुरात झालेल्या एका विलीनीकरणात होते.

विमान कंपन्या एकमेकींत मिसळतात, तेव्हा वर्तमानपत्रांत तीन आकडे येतात: विमाने किती, कर्ज किती, बाजारातला वाटा किती. आणखी तीन गोष्टींचा हिशेब कुठेच मांडला जात नाही. कामगाराची सेवाज्येष्ठता, मुख्यालय गमावणारे शहर आणि नकाशाच्या टोकाला असलेला शेवटचा थांबा. सोलापूर हा तसा थांबा आहे. म्हणून हा विषय दिल्ली-मुंबईच्या अर्थपानांवर सोडून देण्यासारखा नाही.

वालचंदांचे गाव

विमान व्यवसायाशी सोलापूरचे नाते जुने आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही भारतीय जहाज कंपनी १९१९ मध्ये उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्यांच्याबरोबर होते नरोत्तम मोरारजी, म्हणजे सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू करणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. आपण जिला ‘जुनी मिल’ म्हणतो ती हीच गिरणी. सिंदियाची जहाजे समुद्रात उतरताच लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर पाडले, नव्या कंपनीचा जीव मेटाकुटीला आणला आणि मग ती विकत घेण्याचा प्रस्ताव पुढे केला. वालचंद आणि त्यांचे सहकारी बधले नाहीत. आधी दर पाडून बेजार करायचे आणि मग विकत घ्यायचे, ही मोठ्या कंपनीची चाल सोलापूरच्या या पुत्राने शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती.

पुढे डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साह्याने वालचंदांनी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना काढला. महायुद्धाच्या काळात सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स त्याच रोपट्यातून वाढली. चाळीसच्या दशकातच सिंदिया कंपनीने एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही मुंबईची हवाई कंपनी आपल्याकडे घेतली. म्हणजे प्रवासी विमानांच्या धंद्यातही वालचंदांच्या कंपनीचा पाय होता.

८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदांचे निधन झाले. त्याच वर्षी संसदेने हवाई महामंडळांचा कायदा केला आणि १ ऑगस्टपासून देशातल्या खासगी हवाई कंपन्या सरकारच्या झाल्या. डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग, इंडियन नॅशनल, एअरवेज इंडिया, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया अशा कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. परदेशी उड्डाणे एअर इंडिया इंटरनॅशनलकडे गेली आणि जे. आर. डी. टाटा तिच्या अध्यक्षपदी राहिले.

भारतातले हे पहिले मोठे विमान विलीनीकरण. त्याच्या गुणदोषांवर आजही वाद घालता येतो. पण त्या कायद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुन्या कंपन्यांचे कर्मचारी नव्या महामंडळाचे कर्मचारी होतील, त्याच वेतनावर आणि त्याच अटींवर, असे कलम त्यातच लिहिलेले होते. कामगाराचे काय करायचे, हा प्रश्न विलीनीकरण झाल्यावर सोडवायचा म्हणून मागे ठेवला गेला नाही. चोपन्न वर्षांनी पुढचे मोठे सरकारी विलीनीकरण झाले, तेव्हा हा धडा विसरला गेला होता.

लंडनच्या वाटेवर सुटलेली गावे

२००३ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली. अठ्ठेचाळीस आसनांची एटीआर विमाने, स्वस्त तिकीट आणि ज्या गावांकडे कोणी पाहत नव्हते अशी गावे, हे तिचे सूत्र होते. मध्यमवर्गातली कितीतरी माणसे पहिल्यांदा विमानात बसली ती तिच्यामुळे. कंपनी तोट्यात होती, पण छोट्या गावालाही विमान परवडू शकते, हा विचार तिने देशात रुजवला.

किंगफिशरने २००७ मध्ये एअर डेक्कनचा २६ टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्या वर्षी दोन्ही कंपन्या एक झाल्या. या खरेदीमागचे एक कारण फार बोलके आहे. त्या काळी परदेशी उड्डाणांसाठी नियम होता: कंपनीला देशात पाच वर्षे पूर्ण झालेली हवीत आणि ताफ्यात वीस विमाने हवीत. किंगफिशर सुरू झाली होती २००५ मध्ये. एअर डेक्कनची पाच वर्षे २००८ च्या ऑगस्टमध्ये भरणार होती. ती भरली आणि सप्टेंबर २००८ मध्ये किंगफिशरचे बंगळूर-लंडन विमान उडाले.

विकत घेणाऱ्याला हवे होते परदेशी उड्डाणाचे पात्रतापत्र. त्याच्याबरोबर छोट्या गावांचे जाळे आपोआप आले. काही काळ त्याच एटीआर विमानांनी सोलापूरसारखी शहरे जोडली. पण तोटा वाढू लागला आणि कात्री आधी तिथेच चालली. २०११ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने आपली स्वस्त तिकिटांची सेवा बंद करण्याचे जाहीर केले. म्हणजे एअर डेक्कनचा जो काही वारसा उरला होता, तोही गुंडाळला गेला. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरचा परवाना निलंबित झाला. कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते आणि स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालच्या सतरा बँकांची सुमारे ९,००० कोटी रुपयांची येणी उभी होती. विलेपार्ल्यातले तिचे मुख्य कार्यालय विकायला बँकांना पुन:पुन्हा लिलाव करावा लागला.

त्याच २००७ मध्ये जेट एअरवेजने १,४५० कोटी रुपयांना एअर सहारा घेतली आणि तिचे नाव जेटलाइट केले. मुंबईत मुख्यालय असलेली, एकेकाळी देशातली सर्वांत मोठी खासगी हवाई कंपनी असलेली जेट १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. ती पुन्हा उडेल या आशेवर तिचे कर्मचारी वर्षानुवर्षे न्यायाधिकरणांत हेलपाटे घालत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तिची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा, म्हणजे अवसायनाचा, आदेश दिला.

२००७ च्या दोन मोठ्या खासगी खरेद्यांचा ताळेबंद असा आहे. ज्या कंपन्या घेतल्या गेल्या त्या उरल्या नाहीत आणि ज्यांनी घेतल्या त्याही उरल्या नाहीत. बाजारातून चार कंपन्या गेल्या. एकत्र आल्याने कंपनी बळकट होते, हे वाक्य दर विलीनीकरणाच्या वेळी ऐकवले जाते. हा ताळेबंद समोर ठेवून ते तपासले पाहिजे.

एका छताखाली दोन घरे

तिसरे विलीनीकरणही २००७ चेच, आणि ते सरकारी होते. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन कंपन्या त्या वर्षी एकत्र केल्या गेल्या. त्याच्या आधीच दोघींनी मिळून १११ विमानांची मागणी नोंदवलेली होती, एअर इंडियाने बोइंगची ६८ आणि इंडियन एअरलाइन्सने एअरबसची ४३. महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात नेमके याच क्रमावर बोट ठेवले. एकत्र यायचे होते, तर आधी एकत्र येऊन मग गरजेची विमाने ठरवायला हवी होती.

पण कर्ज आणि विमाने यांच्याइतकीच मोठी गोष्ट माणसांची होती. दोन कंपन्यांतले वैमानिक, अभियंते, केबिन कर्मचारी, तिकीट खिडकीवरचे कारकून यांच्या वेतनश्रेणी वेगळ्या, बढतीचे नियम वेगळे, कामाच्या तासांचे हिशेब वेगळे. एकीकडे लवकर कॅप्टन होता येई, दुसरीकडे वाट जास्त पाहावी लागे. नाव एक झाले, गणवेश एक झाला. ज्येष्ठतेच्या याद्या मात्र दोनच राहिल्या. दोन्ही कंपन्यांच्या उड्डाणांना एकच सांकेतिक अक्षरे मिळायलाही २०११ उजाडले.

याचा स्फोट दोनदा झाला. २०११ च्या एप्रिल-मे महिन्यांत पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. २०१२ मध्ये पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण कोणाला मिळणार, या प्रश्नावर काम बंद ठेवले. तो संप ५८ दिवस चालला. दोन्ही बाजूंच्या माणसांना आपल्यावर अन्याय होतो आहे असे मनापासून वाटत होते. न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीने कर्मचाऱ्यांच्या एकत्रीकरणाचा आराखडा दिला तो जानेवारी २०१२ मध्ये. लग्न लागून साडेचार वर्षे उलटल्यावर याद्या जुळवायला बसावे, तसा हा प्रकार झाला.

याच्या आधीही एक इशारा मिळालेला होता. १९८१ मध्ये छोट्या शहरांसाठी म्हणून ‘वायुदूत’ ही सरकारी कंपनी निघाली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला तिची विमाने शंभराच्या आसपास ठिकाणी जात होती. नव्वदच्या दशकात ती तोट्यापायी इंडियन एअरलाइन्समध्ये विसर्जित झाली. तिचे कर्मचारी सामावून घेतले गेले, पण तिची गावे कोणी सामावून घेतली नाहीत.

नरिमन पॉइंटचा मनोरा

मुख्यालय म्हणजे फक्त इमारत नव्हे. मुख्यालय जिथे असते तिथे भरती होते, तिथे बदल्या ठरतात, तिथे कंत्राटे निघतात आणि तिथल्याच लोकांची गाऱ्हाणी साहेबाच्या कानावर जातात. नरिमन पॉइंटला समुद्राकाठी उभा असलेला एअर इंडियाचा तेवीस मजली मनोरा १९७४ पासून मुंबईची खूण होता. एअर इंडियात मराठी मुलांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून स्थानीय लोकाधिकार समितीने लढे दिले. विमानतळाजवळच्या कलिना वसाहतीत त्या नोकऱ्यांवर उभी राहिलेली मराठी कुटुंबे दोन-दोन पिढ्या नांदली.

विलीनीकरणानंतर २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला, इंडियन एअरलाइन्सच्या जुन्या कार्यालयात गेले. पुढे कंपनी टाटांना विकली गेल्यावर ते गुरुग्रामला गेले. मनोरा राज्य सरकारने १,६०१ कोटी रुपयांना घेण्याचे ठरवले आणि २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने त्याला मान्यता दिली. इमारत महाराष्ट्राकडे राहिली याचे समाधान आहेच. पण तिच्यातून चालणारा कारभार गेला तो गेलाच.

हे एकट्या एअर इंडियाचे नाही. वीस वर्षांपूर्वी एअर इंडिया, जेट, गोएअर यांचा कारभार मुंबईतून चालत होता आणि किंगफिशरचेही मोठे कार्यालय मुंबईतच होते. गोएअर, म्हणजे नंतरची गो फर्स्ट, २०२३ च्या मे महिन्यात थांबली. मुंबईत आज मुख्यालय असलेली मोठी कंपनी म्हणजे २०२२ मध्ये सुरू झालेली अकासा. इंडिगो, एअर इंडिया, स्पाइसजेट, तिघींचा कारभार गुरुग्रामहून चालतो. एअर इंडिया एक्स्प्रेसचे कार्यालय कोचीला होते, एअरएशिया इंडियाचे बंगळूरला. त्या दोघी २०२४ मध्ये एक झाल्या आणि तोही कारभार गुरुग्रामला एकवटला. कोची आणि बंगळूर यांनी जे गमावले, तेच मुंबईने आधी गमावले होते.

सोलापूरकरांना हे दु:ख समजावून सांगावे लागत नाही. जुन्या मिलचा भोंगा सोलापुरात वाजे आणि तिचा मालक मुंबईत असे. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, एकेक गिरणी बंद पडली, तेव्हा ज्या टेबलावर तो निर्णय झाला तिथे गिरणगावातला कोणीही बसलेला नव्हता.

टाटांकडे परत

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे परत आली. व्यवहार १८,००० कोटी रुपयांचा, त्यातले १५,३०० कोटी कर्जापोटी आणि २,७०० कोटी रोख. कंपनीवर ६१,००० कोटींहून अधिक कर्ज होते. टाटांनी न घेतलेले सुमारे ४६,००० कोटी सरकारी कंपनीकडे, म्हणजे तुमच्या-माझ्या खात्यावर राहिले. विक्री जाहीर झाली तेव्हा कंपनीत बारा हजारांच्या वर कर्मचारी होते. त्यांत सुमारे आठ हजार कायम आणि चार हजार कंत्राटी. एक वर्ष कोणाला काढायचे नाही, त्यानंतर काढायचे झाल्यास स्वेच्छानिवृत्ती द्यायची, अशी अट होती. म्हणजे कामगाराच्या संरक्षणाची मुदत एका वर्षाची.

कलिना वसाहतीतल्या कुटुंबांना विक्रीनंतर सहा महिन्यांत घरे रिकामी करायला सांगितले गेले. कामगार संघटनांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तरी घरे सोडावी लागलीच. कंपनी विकली जाते तेव्हा तिच्या कामगाराचे घर, मुलांची शाळा, वयस्क आईवडिलांचे रुग्णालय, सगळेच त्या व्यवहारात येते.

मग टाटांच्या चार कंपन्यांच्या दोन झाल्या. १ ऑक्टोबर २०२४ रोजी एअरएशिया इंडियाची उत्तराधिकारी कंपनी एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये मिसळली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात मिसळली आणि सिंगापूर एअरलाइन्सला एकत्रित कंपनीत २५.१ टक्के वाटा मिळाला. या दोन्ही विलीनीकरणांच्या आधी त्याच वर्षी दोन धक्के बसले. एप्रिलमध्ये नव्या वेतनरचनेवर नाराज झालेले विस्ताराचे वैमानिक कामावर येईनात आणि उड्डाणे कोलमडली. मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसचे केबिन कर्मचारी मोठ्या संख्येने आजारपणाच्या रजेवर गेले. कंपनीने काहींना काढून टाकले आणि मुख्य कामगार आयुक्तांपुढे बोलणी झाल्यावर परत घेतले. निवृत्तीच्या वयाचाही प्रश्न होता. एअर इंडियात अठ्ठावन्न, विस्तारात साठ. तो मिटवायला विलीनीकरणानंतर बरेच महिने गेले.

यातले काही सुधारलेही आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. एअर इंडियाने शेकडो नव्या विमानांची मागणी नोंदवली, जुनी विमाने आतून नवी करायला घेतली, भरती वाढवली. सरकारी तिजोरीतून दरवर्षी ओतले जाणारे पैसे थांबले. तरीही २००७ चा मूळ प्रश्न २०२४ मध्ये पुन्हा तसाच समोर आला. माणसांच्या अटी आधी लिहिल्या नाहीत, तर विमाने जमिनीवर राहतात.

दोघांच्या हातातला देश

या सगळ्या विलीनीकरणांचा आणि दिवाळखोऱ्यांचा परिणाम म्हणजे २०२५ मध्ये देशांतर्गत प्रवाशांपैकी जवळपास दोन तृतीयांश एकट्या इंडिगोने नेले आणि चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक एअर इंडिया समूहाने. दहातले नऊ प्रवासी दोन घरांच्या विमानांत.

याचा अर्थ काय होतो, ते डिसेंबर २०२५ मध्ये देशाने पाहिले. वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून आणलेले नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले होते. त्यांना पुरतील इतके वैमानिक इंडिगोच्या वेळापत्रकात नव्हते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजारो उड्डाणे रद्द झाली, एका दिवसात हजाराच्या वर. उरलेल्या विमानांचे तिकीट इतके भडकले की सरकारला अंतरानुसार कमाल भाडे ठरवून द्यावे लागले, पाचशे किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि त्याच्या पुढे टप्प्याटप्प्याने अधिक. विश्रांतीच्या नियमांतूनही कंपनीला तात्पुरती सूट द्यावी लागली. एक कंपनी एवढी मोठी झाली की तिच्या चुकीपुढे सुरक्षेचा नियम वाकला. बाजारात चार-पाच बऱ्या कंपन्या असत्या, तर ही वेळ आली नसती.

आता सोलापूरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. विलीनीकरणाला मंजुरी देताना स्पर्धा आयोग दोन शहरांच्या जोडीगणिक पाहतो: या मार्गावर दोन्ही कंपन्या उडत होत्या का, आता एकच उरेल का, भाडे वाढेल का? दिल्ली-मुंबईसाठी ही कसोटी योग्य आहे. पण ज्या मार्गावर पहिल्यापासून एकच कंपनी उडते, तिथे दोघींची गाठच पडत नाही. मग कागदावर स्पर्धेला धक्का नाही, आणि म्हणून अटही नाही. सोलापूर-मुंबई असाच मार्ग आहे. उद्या त्या मार्गावरची कंपनी कोणी विकत घेतली, तर सोलापूरला भीती भाडेवाढीची कमी आणि विमान बंद होण्याची जास्त. आणि ती भीती आजच्या कसोटीत कुठेच मोजली जात नाही.

दुसरीकडे काय केले

अमेरिकेने १९७८ मध्ये हवाई वाहतूक खुली केली आणि त्याच वेळी छोट्या गावांची सेवा तुटू नये म्हणून सरकारी साह्याची योजना सुरू केली. ती आजही चालू आहे. तिथेही विलीनीकरणांनी शहरे पोळली. डेल्टाने २००८ मध्ये नॉर्थवेस्ट घेतली. मिनियापोलिसचे मुख्यालय अटलांटाला गेले आणि २०१३ मध्ये मेम्फिसचे केंद्र बंद झाले. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए घेतली, तेव्हा तिच्या केबिन कर्मचाऱ्यांना ज्येष्ठतेच्या यादीत तळाला टाकले गेले. वीस-वीस वर्षे नोकरी झालेल्या बायका कालच्या उमेदवारांच्या मागे गेल्या आणि पुढच्या कपातीत आधी घरी बसल्या. त्या अन्यायातून २००७ मध्ये कायदा झाला. विमान कंपन्या एक होतील तेव्हा ज्येष्ठतेच्या याद्या न्याय्य रीतीने एकत्र करायच्या आणि मतभेद झाले तर लवादापुढे जायचे.

२०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सने हवाईयन घेतली, तेव्हा परिवहन खात्याने सहा वर्षांच्या अटी घातल्या. त्यांत दुर्गम गावांची सेवा चालू ठेवण्याची अटही होती. म्हणजे हे अशक्य नाही. मंजुरीच्या कागदावर छोट्या गावाचे नाव लिहिता येते.

आपल्याकडे उद्योग एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना कामगाराची सेवा अखंड राहिली नाही किंवा अटी ढासळल्या, तर त्याला भरपाई देण्याची तरतूद औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-एफएफ कलमात होती. ज्येष्ठतेच्या याद्या कशा जुळवायच्या, यावर मात्र कायदा गप्पच राहिला.

सोलापूरने काय मागावे

सोलापूरच्या मुंबई विमानाला राज्य सरकारचा पैसा आहे. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने सोलापूर-पुणे-मुंबई मार्गासाठी प्रति आसन ३,२४० रुपये व्यवहार्यता तूट निधी, म्हणजे कमाई आणि खर्च यांतली तफावत भरून काढणारे साह्य, मंजूर केला, तोही एका वर्षापुरता. तो खर्च योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे. रस्त्याला आणि रेल्वेला सरकार पैसा देते, तसा या वाटेलाही द्यावा. पण जिथे जनतेचा पैसा आहे तिथे जनतेची अटही असली पाहिजे.

छोट्या कंपन्यांचा अनुभव आपल्यासमोर आहे. छोटी शहरे विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या उडान योजनेच्या २०१७ च्या पहिल्या यादीत सोलापूरचे नाव होते. विमान आले आठ वर्षांनी. त्याच योजनेत जुन्याच नावाने पुन्हा उभी राहिलेली एअर डेक्कन नाशिक-जळगाव-कोल्हापूरला उडाली आणि २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली. नांदेड, जळगाव, कोल्हापूरला जाणारी ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. आज सोलापूरला उडणाऱ्या दोन्ही कंपन्या तरुण आहेत आणि दोन्ही आपल्या मुलखाशी नाते सांगणाऱ्या आहेत. स्टार एअर कोल्हापूरच्या घोडावत समूहाची, फ्लाय९१ गोव्याची. त्या टिकाव्यात, वाढाव्यात, हीच इच्छा. पण छोटी कंपनी चांगली चालली की मोठ्यांच्या नजरेत येते, आणि नाही चालली की विक्रीला निघते. दोन्ही वेळा सोलापूरचे काय, हे आज लिहून घेतले पाहिजे.

म्हणून माझ्या मते मागण्या चार. पहिली: निधीच्या करारात किमान तीन वर्षांच्या सेवेची हमी आणि सेवा थांबवायची असेल तर सहा महिने आधी जाहीर सूचना. दुसरी: कंपनी विकली गेली किंवा विलीन झाली, तर हा करार घेणाऱ्यावर जसाच्या तसा बंधनकारक. तिसरी: स्पर्धा आयोगाने आणि नागरी उड्डयन मंत्रालयाने विलीनीकरण तपासताना एकाच कंपनीवर अवलंबून असलेल्या शहरांची स्वतंत्र यादी करावी आणि त्यांच्या सेवेची अट मंजुरीतच घालावी. चौथी: ज्येष्ठतेच्या न्याय्य एकत्रीकरणाचा कायदा. तो वैमानिकाला लागू व्हावा, तसाच सामान चढवणाऱ्या कंत्राटी कामगारालाही. सोलापूरच्या विमानतळावर उद्या ज्या मुला-मुलींना काम मिळेल, त्यांतली बहुतेक कंत्राटावरच असतील आणि त्यांची नावे विलीनीकरणाच्या कागदांत कुठेच नसतील.

सोलापूरजवळच्या बोरामणीच्या नव्या विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. जमीन घेतली गेली, वनजमिनीचा आणि माळढोक पक्ष्याचा प्रश्न उभा राहिला, घोषणा होत राहिल्या. धावपट्टी लांब होईल तेव्हा होवो. धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाची हमी तिच्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि ती हमी सिमेंटातून नाही, करारातून येते.

सोलापूरचे आमदार, खासदार, व्यापारी संघटना, यंत्रमागधारक, कामगार संघटना आणि चिमणीच्या वादात एकमेकांसमोर उभे राहिलेले दोन्ही पक्ष यांनी या मागण्यांसाठी एकत्र बसावे. निधीचे नूतनीकरण जेव्हा जेव्हा होईल, तेव्हा करार वाचायला मागा, त्यातल्या अटी वर्तमानपत्रांत छापून आणा आणि नसतील तर त्या घातल्याशिवाय सही होऊ देऊ नका. विमान सुरू झाले म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. आता ते कोणाच्याही मालकीचे झाले तरी सोलापुरात उतरलेच पाहिजे, हे लिहून घेणे आपल्या हातात आहे.